उन्हाळ्यात लांबचा प्रवास, जेवणाचे थांबे कसे ठरवता?

सुट्टी लागली की गाडीने निघतोय, चार दिवस, रोज साधारण ४०० किमी. सोबत सासूबाई आणि ६ वर्षांचा मुलगा. मागच्या वेळी "थोडं पुढे चांगलं हॉटेल असेल" करत करत अडीच वाजले, मग भुकेच्या भरात सगळे दणकून जेवलो आणि तासाभरात नवऱ्याचे डोळे मिटायला लागले, मी शेजारी बसून नुसती बडबड करत होते, फार भीती वाटली. थांबे आधीच ठरवावेत का? आणि घरून नेलेलं एवढ्या उन्हात टिकतं का?

प्रतिसाद १
ठरवाच, पण भूक बघून नाही, घड्याळ बघून. दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबायचंच, खाणं असो नसो. आम्ही पहाटे ५ ला निघतो आणि ११ ला जेवून घेतो, गर्दी नसते. दुपारी २ ते ४ झोप येतेच, उपाशी असलात तरी, शरीराचं घड्याळच तसं आहे, जड जेवणाने ती वाढते एवढंच. तोपर्यंत मुक्कामाला पोचायचं.

प्रतिसाद २
बडबड, गाणी, उघडी काच, कशानेच झोप जात नाही हो. तुम्हाला चालवता येत असेल तर सरळ स्टिअरिंग तुम्ही घ्या. नाहीतर सुरक्षित जागी गाडी लावून कडक कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं झोपायचं. कॉफीला चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठल्यावर दोन्हीचा फायदा.

प्रतिसाद ३
शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भात तर नकोच, परत गरम केला तरी त्यात तयार झालेलं विष जात नाही. आईसबॉक्स न्यायचा तर पाण्याच्या बाटल्या गोठवून गच्च भरा, डिकीत न ठेवता एसीत ठेवा, आणि प्यायचं पाणी वेगळ्या बॉक्समध्ये, कारण तो सारखा उघडला जातो. मुलाला "दोनच मिनिटं" म्हणूनही बंद गाडीत ठेवू नका, १० मिनिटांत आतलं तापमान १० अंशांनी चढतं.
आणि सासूबाई पाणी पितायत ना बघा. बाथरूमला थांबावं लागेल म्हणून वयस्कर माणसं पीतच नाहीत, त्यात वयामुळे तहानही कमी लागते.

मूळ प्रश्न विचारणारी
शेवटचं वाचून चरकलेच, त्या अगदी हेच करतात! मला चालवता येतं, दुपारी मीच घेईन. आता आधी स्वच्छ बाथरूम कुठे आहेत ते शोधते, जेवणही तिथेच.