होय, नाही आणि तिसरं: नलला मराठीत काय म्हणायचं?

गिरगावकर: एका पतपेढीच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण चाललंय. सभासदांच्या यादीत 'केवायसी पूर्ण?' असा होय/नाहीचा रकाना आहे. शोधताना 'नाही' निवडलं की ज्यांच्यापुढे नाही लिहिलंय तेवढेच येतात, ज्यांचं कुणी काही भरलंच नाही (डेटाबेसच्या भाषेत 'नल') ते ना इकडे ना तिकडे. म्हणून तिसरा पर्याय द्यायचाय. मी 'निरंक' लिहिलं, तर साहेब म्हणतात त्याचा अर्थ शून्य. दुसरं सुचवा.

जुना_कारकून: साहेब बरोबर बोलतायत. 'प्रलंबित प्रकरणे: निरंक' म्हणजे बघितलं, मोजलं आणि काही निघालं नाही, ते उत्तर झालं. तुमच्याकडे कुणी विचारलेलंच नाही. 'कोरा' लिहा.

घाटकोपर_स्लो: सातबारा कोरा करा म्हणजे कर्जाचा बोजा काढा ना? पतपेढीत नावापुढे 'कोरा' दिसलं तर सभासद पेढे वाटतील :)

डेटावाली: शब्द राहू दे, आधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बघा. एसक्यूएलमध्ये (क्वेरी लिहायच्या भाषेत) नलची तुलना कशाशीही केली, अगदी दुसऱ्या नलशी, तरी उत्तर ना खरं ना खोटं, 'अज्ञात' येतं आणि व्हेअर (ओळी निवडायची अट) फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी देतं, त्यामुळे 'होय सोडून बाकी सगळे' मागितले तरी रिकामे गळतातच. त्यांच्यासाठी 'इज नल' (नल आहे का) वेगळं लिहायला लागतं. कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून रिकाम्याला 'नाही' धरता येतं, पण मग ज्याने कागद दिले नाहीत तो आणि ज्याला कुणी विचारलंच नाही तो, दोघांना एकच नोटीस. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडने १९९० मध्ये दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, 'लागू आहे पण माहीत नाही' आणि 'लागूच नाही'. एसक्यूएलमध्ये नल एकच राहिला.

शुद्धमराठी: 'रिक्त' असताना हे नल नल काय चाललंय? वाचणाऱ्याला पाण्याचा नळ आठवेल.

घाटकोपर_स्लो: रिक्त पद म्हणजे भरायचं बाकी, तसं बसतंय खरं. पण सरकारी वास येतो.

वसईकर: आमच्या ऑफिसात सरळ 'खाली' म्हणतात.

शुद्धमराठी: ते हिंदीतलं. 'खाली रकाने शोधा' वाचून माणूस स्क्रोल करत बसेल.

वसईकर: मुंबईत टॅक्सी खाली आहे का असंच विचारतात, तुम्ही रिक्त आहे का विचारता काय?

जुना_कारकून: भांडू नका. रिक्तचंच उतरलेलं रूप 'रिता' आहे, तेच घ्या.

गिरगावकर: अहो स्क्रीन उद्या द्यायचीय. 'भरलेले नाही' चालेल?

डेटावाली: 'नाही'च्या खाली 'भरलेले नाही' ठेवलंत तर लोक घाईत दोन्ही एकच समजणार. 'विचारलेले नाही'चंही तेच.

शुद्धमराठी: रिता चालेल, पण रकाना रिता आणि नोंद रिती. बटणावर कुठलं लिंग?

वसईकर: रिती लिहिलं तर निम्मे लोक 'रीती' वाचतील, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून तुम्हीच पुन्हा धागा काढाल.

शुद्धमराठी: काढणारच. मुळात 'केवायसी'च का, 'ओळख पडताळणी' का नाही?