क्रोमवाली नळी: अचूकता खरंच जाते, की नुसती आवई?

धरमपेठी: क्लबात एक जण ठासून सांगत होता, रायफलीची नळी आतून क्रोमची नसेल तर पैसे पाण्यात. माझं मत उलट. निशाणेबाजाने क्रोमच्या वाटेला जाऊच नये. नळी आधी किंचित मोठी ठेवतात, मग थर चढवून मापात आणतात. थर सगळीकडे सारखा बसला नाही की गोळीला मिळणारी पकड जागोजागी बदलते. बेंचरेस्टवाले (रायफल टेबलावर टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे) हाताने लॅप केलेली, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेली, स्टेनलेसची नळी उगाच घेत नाहीत.

कामठीकर (निवृत्त): कागदावर भोकं पाडायची असतील तर ठीक आहे, साहेब. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची एम-16 रायफल गेली तेव्हा चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) क्रोम नव्हतं. हवा दमट, काडतुसातली दारूही बदललेली, साफसफाईचं सामान अपुरं. चेंबर गंजून रिकामी केस आत अडकायची, मग तोंडाकडून सळई घालून ठोकून काढा. समोर शत्रू! 1967 च्या सुमारास चेंबरला क्रोम आलं, पुढे अख्ख्या नळीला. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीची नळीपण आतून क्रोमचीच आहे.

हिंगणा_टर्नर: मी बंदूकवाला नाही, हार्ड क्रोमच्या, म्हणजे विजेने क्रोमचा कडक थर चढवायच्या, कामातला आहे. धरमपेठी भाऊंचा अर्धा मुद्दा बरोबर. टाकीत करंट कडांकडे जास्त ओढला जातो. हायड्रॉलिक रॉडच्या टोकाला थर फुगतो, हाताला लागतो. आम्ही रॉड जाड ठेवून नंतर ग्राइंडिंग मारतो. नळीच्या आत, तेही रायफलिंगवर (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांवर), चाक कुठून घालाल? म्हणजे कोपरे गोलसर होणारच. पण फरक मायक्रॉनमधला आहे, भाऊ. तेवढ्यासाठी रायफलच बाद करता काय?

धरमपेठी: मायक्रॉनचाच तर खेळ आहे! 50 मीटरला दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं.

पॉइंट_बावीस: ते .22 चं, म्हणजे लहान बोअरच्या (नळीच्या आतल्या भोकाच्या) रायफलीचं टार्गेट झालं. त्यात शिशाची गोळी, दाबही कमी. ती नळी तशीच वर्षानुवर्षं चालते, तिथे क्रोमचा प्रश्नच कुठे येतो? मोठ्या बोअरचं बोला.

कामठीकर (निवृत्त): बोलतो ना. मोठ्या बोअरमध्ये नळी झिजते ती चेंबरच्या पुढच्या घशात, तापलेल्या वायूने. पोलाद साधारण 1500 अंशांना वितळतं, क्रोमियम 1900 च्या वर. ऑटोमॅटिकवर मॅगझिनमागून मॅगझिन रिकामी केली की कळतं. शिवाय एके रायफलीची जुनी काडतुसं घ्या. त्यांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या टोपीतून) क्षार उरतो, तो ओल धरतो. क्रोम नसतं तर दोन दिवसांत तांबूस.

धरमपेठी: नागपुरात कसली ओल? मे महिन्यात ओठ फाटतात इथे.

हिंगणा_टर्नर: अन् जुलैत? आमच्या शेडमधलं उघडं लोखंड येऊन पहा एकदा.

धरमपेठी: मग नायट्रायडिंग करा, म्हणजे पोलादात नायट्रोजन मुरवा. वेगळा जाड थर नाही, पोलादाचा पृष्ठभागच कडक होतो, गंजही आटोक्यात. माप फारसं हलत नाही.

कामठीकर (निवृत्त): सतत फायरिंगच्या उष्णतेत ते क्रोमइतकं टिकेल?

धरमपेठी: तुमच्या मशीनगनला क्रोम ठेवा. मी मिनिटाला एक गोळी झाडतो, घसा तापतोय कुठे? माझ्या नळीला क्रोम नको ते नकोच.