‘घडीघडी’ हिंदी की आपलं?

अमरावतीकर: पोरीच्या वहीत ‘आई घडीघडी हाक मारते’ हे वाक्य होतं. शाळेतून ‘घडीघडी’ खोडून वर ‘वारंवार’ लिहून आलं. शेरा, ‘हिंदी शब्द टाळा’. मला हे अजिबात पटलं नाही. घडी म्हणजे घटका, २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून ६० घटका. घडीघडी म्हणजे दर घटकेला. यात हिंदी कुठं आलं?

गुरुजी, चिमूर: मीही खोडलं असतं. मराठी रूप ‘घडोघडी’. दारोदारी, क्षणोक्षणी, वेळोवेळी, सगळीकडं मधे ‘ओ’ येतो. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होती, हिंदी आपल्या बोलण्यात मुरलीच. पण पेपर तपासणारा पुण्याचा निघाला तर मार्क पोरांचे जातात.

सूनबाई, आर्वी: आमच्या सासूबाई म्हणतात, लुगड्याची घडी. घडीवर घडी, म्हणून घडीघडी.

कास्तकार, दर्यापूर: ताई, ते घडी निराळी. जुन्या लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात पाणी भरून त्यात तांब्याची वाटी सोडत. वाटीच्या बुडाले बारीक भोक. पाणी खालून हळूहळू चढे, वाटी काठोकाठ भरली की डुबे. झाली एक घटका. मंग वाटी काढा, रिकामी करा, पुन्हा सोडा. ‘घटका भरली’ म्हणतो ते यातूनच. घट म्हणजे मडकं, त्याची लहान घटी. वटाचा वड झाला तशी घटीची घडी झाली. पुन्हापुन्हाचा अर्थ त्या वाटीतच आहे, गुरुजी.

गुरुजी, चिमूर: व्युत्पत्ती मान्य. पण ती हिंदी ‘घड़ी’चीही तीच. मूळ एक असलं म्हणून शब्द कोणत्या वाटेनं आला, हे ठरत नाही. माझा ‘ओ’चा मुद्दा तसाच उभा आहे.

कास्तकार, दर्यापूर: तासतास, दिवसदिवस यात कुठं आहे ‘ओ’?

गुरुजी, चिमूर: ‘तासतास बसला’ म्हणजे दर तासाला बसला असं नव्हे, कितीतरी तास बसला. अर्थच वेगळा. संवाद लिहिताना पात्राच्या तोंडी ‘घडीघडी’ खुशाल घाला, मी मार्क कापणार नाही. उत्तरात मात्र प्रमाण रूपच हवं.

अमरावतीकर: मग ‘बोलीतला शब्द’ असा शेरा द्या ना! परका म्हणून का हाकलता? काल आजी पोरीला म्हणाली, ‘घडीघडी कायले इचारतं?’ तर पोरगी तिलाच म्हणे, ‘आजी, तू हिंदी बोलतं.’ सत्तर वर्षं मराठीशिवाय दुसरं काही न बोललेली बाई आहे ती.