मदत हवी आहे: अन्येहो टकीलातला व्हॅनिला पिंपाचा की वरून घातलेला?

मंडळी, मुरवलेल्या टकीलाची पारख नीट शिकायची आहे. अन्येहो किमान एक वर्ष, तेही जास्तीत जास्त ६०० लिटरच्या ओक पिंपात मुरवावी लागते. एक्स्ट्रा अन्येहो तीन वर्षं. इथवर स्पष्ट आहे.

खरा गोंधळ पुढे आहे. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपांतून व्हॅनिला, कॅरामेल उतरतंच. पण मेक्सिकोच्या नियमांत कॅरामेल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक थोड्या प्रमाणात घालायलाही मुभा आहे, अगदी १०० टक्के अगेव्हच्या (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) बाटलीतही. त्यामुळे गडद रंगावर माझा अजिबात विश्वास नाही. मला शोधायचाय तो भट्टीत भाजलेल्या अगेव्हचा गोडवा, मिरीचा झणका, मागे राहणारा मातकट वास. मुरवल्यावरही हे शिल्लक नसेल, तर माझ्या मते ती टकीला फसलीच.

सध्या बर्फ, मीठ, लिंबू काही न घेता निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ओतून दहाएक मिनिटं ठेवतो. मग आधी वास, नंतर अगदी छोटा घोट.

अनुभवी लोकांनी सांगावं: वरून घातलेला गोडवा जिभेवर नेमका कसा ओळखता? थेंबभर पाणी घातल्याने फरक उघड होतो का? त्याच डिस्टिलरीची ब्लांको, म्हणजे न मुरवलेली टकीला, शेजारी ठेवून तुलना करावी असं मनात आहे, तर आधी कोणती चाखायची? आणि पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात खात्रीची अन्येहो कुठे मिळते?