खडकाला चिकटणारा बोटभर मिशीवाला मासा: टेंगऱ्याचं पिल्लू की दुसरंच काही?

पर्लकोटाकाठ
भामरागडच्या वरच्या अंगाला पर्लकोटेच्या खळखळत्या धारेत हा मासा दिसला. लांबी ८ सेंमीच्या आसपास, रंग मातकट, पाठीवर फिकट आडवे पट्टे, डोकं चपटं, तोंड खालच्या अंगाला. दगड पाण्याबाहेर काढला तरी सोडत नाही. मिशांच्या चार जोड्या आहेत. इकडे बारक्या मिशीवाल्या माशाला सरसकट टेंगराच म्हणतात, ढिवर मंडळी याला बाजूला टाकतात. मोबाइलचं ॲप प्रत्येक फोटोला नवीन नाव सांगतं. नक्की काय बघावं?

खडकपाणी
भाऊ, आधी मासा उलटा करा. ॲपला पाठीचे फोटो जातात आणि याची ओळख छातीवर आहे. दोन्ही छातीपरांच्या मधल्या कातडीला बारीक उभ्या वळ्या असतील, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या, तर हा ग्लिप्टोथोरॅक्स, दगडाला चिकटणाऱ्या मिशीवाल्या माशांचा एक वंश. धार अंगावर आली की याच वळ्यांच्या जोरावर तो दगड धरून राहतो.

टेंगरा, म्हणजे मिस्टस, इथेच बाद होतो. त्याची छाती गुळगुळीत असते. वरच्या जबड्याच्या मिशा बारीक दोऱ्यासारख्या आणि पोटाच्या पुढे जाणाऱ्या. ग्लिप्टोथोरॅक्सच्या त्याच मिशा बुडाशी रुंद असतात, गालाशी पातळ पडद्याने जोडलेल्या, आणि जेमतेम छातीपराच्या बुडापर्यंत पोचतात. डोळे बारके, डोक्याच्या माथ्यावर.

रिटा, हा दुसरा मिशीवाला मासा, तर चार जोड्यांवरूनच गेला. त्याच्या हनुवटीवर एकच जोडी असते, म्हणून एकूण तीन, आणि त्यातली नाकाजवळची इतकी लहान की पुष्कळांच्या नजरेतून सुटते. राहिलं बॅगॅरियसचं, म्हणजे आणखी एका मिशीवाल्या माशाचं पिल्लू. तेही चपटं आणि पट्ट्यांचं, धारेतच राहणारं, पण त्याच्या छातीवर वळ्या नसतात.

वैनगंगा_नोंदवही
वरचं सगळं पटतं, फक्त पुढची पायरी घाईने चढू नका. वळ्या दिसल्या की वंश ठरला, प्रजाती नाही. माशांचे अभ्यासक सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधून वर्णन केलेला ग्लिप्टोथोरॅक्स लोनाह आहे, तसेच अभ्यासक होरा यांनी १९३८ मध्ये पुण्याकडचा पूनाएन्सिस वर्णन केला. पुण्याच्या नद्या भीमेतून कृष्णेला मिळतात, तुमची पर्लकोटा इंद्रावतीतून गोदावरीला. तिकडच्या माशांची यादी समोर ठेवून इकडच्या माशाला नाव चिकटवलं, की ती चूक पुढच्या दहा याद्यांत उतरते. मला याचीच जास्त काळजी वाटते.

प्रजातीसाठी एवढं टिपा: छातीच्या वळ्यांच्या मधोमध इंग्रजी व्हीसारखी मोकळी जागा आहे का, असल्यास ती मागे उघडी की वळ्यांनी बंद. छातीपराच्या आणि पोटपराच्या खालच्या अंगालाही वळ्या आहेत का. पाठीच्या काट्याची मागची कड गुळगुळीत की दातेरी. छातीकाट्याच्या आतल्या कडेवर दात किती. कातडी मऊ की खसखशीसारखे दाणे असलेली. शेपटीच्या दांड्याची, म्हणजे शेपटीच्या पराआधीच्या निमुळत्या भागाची, लांबी आणि उंची.

फोटोसाठी पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घ्या, बाजूला मिलिमीटरची पट्टी. डाव्या कुशीचा, पाठीचा आणि पोटाचा असे तीन फोटो, सावलीत, फ्लॅश बंद. पोटाचा फोटो काचेच्या भांड्यात मासा ठेवून खालून काढला की त्याला उलटा दाबून धरावा लागत नाही. हात आधी ओले करा. काटे ताठ झाले असतील तर ओढू नका, जाळ्याचा दोरा कापा. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा.

पर्लकोटाकाठ
धन्यवाद जी. पोटाचा फोटो काढला, उभ्या वळ्या आहेत. पण मधला भाग चकाकतो आणि काहीच उमगत नाही. नमुना ठेवावा लागेल का?

खडकपाणी
चकाकतंय ते बुळबुळीत स्राव. वळ्यांच्या फटींत तो साचतो आणि सगळं सपाट दिसतं. ओल्या मऊ ब्रशने पुढून मागे एकदा हलकेच फिरवा, मग तिरप्या उजेडात भिंगातून बघा. मासा सुकू देऊ नका, सुकला की वळ्या आक्रसतात आणि मिशा तुटतात.

वैनगंगा_नोंदवही
नमुना परवानगीशिवाय नको. भामरागडला अभयारण्य आहे, जागा हद्दीत येते का ते वनविभागात विचारा. परवानगी मिळाली तर एकच मासा पुरे. आधी उजव्या पोटपराचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मॅलिन (नमुना टिकवायचं रसायन) लागलं की डीएनए खराब होतो. मग बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग, त्यात आठवडाभर, मासा सरळ आणि पर उघडे ठेवून. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. नंतर दोन दिवस पाणी बदलत धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. रंग उडतो, म्हणून जिवंतपणीचे फोटो त्याच नोंदीला जोडा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. चिठ्ठीवर नदी, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली आणि तळ वाळूचा की गोट्यांचा. असा नमुना पुण्यात आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवता येतो. तोवर नोंदीत फक्त ‘ग्लिप्टोथोरॅक्स, प्रजाती अनिश्चित’ लिहा.