मदत हवी आहे: नोकरी सांभाळून साईड बिझनेस चालवतेय, पण कस्टमरचे फोन नेमके ऑफिसच्या वेळात येतात

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील म्हणून सगळं लिहिते.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे, फुल टाइम. कंपनीचं काम इन्शुरन्समधलं. त्याच्या जोडीला मी एक छोटं सॉफ्टवेअर बनवलंय, क्लिनिकमधल्या स्टाफच्या ड्युट्या लावायला. कोण सकाळी, कोण रात्री, कोणाची सुट्टी, कोणी कोणाशी ड्युटी बदलली, एकीला लागोपाठ किती नाइट पडल्या, हे सगळं त्यात दिसतं. माझी नणंद नर्स आहे, तिच्याकडे हे सगळं वहीत आणि व्हॉट्सॅपवर चालायचं आणि त्यावरून सतत वाद व्हायचे, तिथून हे डोक्यात आलं. आता दोन क्लिनिक पैसे देऊन वापरतात आणि तिसऱ्या, बऱ्याच मोठ्या क्लिनिकने विचारलंय.

अडचण कोडिंगची नाहीये. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसून मी ते करू शकते, आवडतंही. अडचण अशी की ड्युट्यांचा गोंधळ होतो तो सकाळी शिफ्ट बदलताना. एखादी आली नाही, इनचार्ज सिस्टरला लगेच दुसरं कोणीतरी लावायचं असतं, तिला काही अडलं की ती मला फोन करते, आणि मी तेव्हा टीमच्या मीटिंगमध्ये असते. फोन घेतला तर ज्या वेळेचा पगार घेते त्या वेळेत मी स्वतःचा धंदा करते, जे मला अजिबात पटत नाही. नाही घेतला तर तिकडे रात्रभर उभी राहिलेली कोणीतरी बाई बदली मिळेपर्यंत घरी जाऊ शकत नाही, तेही पटत नाही. तिसऱ्या क्लिनिकची तर अटच आहे की दिवसा फोन उचलणारं कोणीतरी पाहिजे.

सोडून देऊ का नोकरी? तर दोन्ही क्लिनिकचे मिळून पैसे माझ्या पगाराच्या एक तृतीयांशही होत नाहीत, तिसरं आलं तर साधारण अर्ध्यापर्यंत जातील, आणि घराचे हप्ते चालू आहेत. नवऱ्याचा पाठिंबा आहे पण तो म्हणतो घाई नको. मी वाचलं त्यात रॅफी आणि फेंग या दोघांचा 2014 चा एक अभ्यास सापडला, अमेरिकेतल्या लोकांवरचा. त्यात नोकरी चालू ठेवून धंदा सुरू केलेले आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेले लोक, आणि थेट नोकरी सोडून उतरलेले लोक, अशी तुलना होती, आणि पहिल्या गटात धंदा बंद पडायची शक्यता साधारण एक तृतीयांशाने कमी होती. वाचून धीर आला खरा, पण माझ्यापुढे उद्या सकाळचा फोन आहे, त्याचं काय करू ते सरासरीतून कळत नाही ना.

दुसरी काळजी अपॉइंटमेंट लेटरची. त्यात लिहिलंय की नोकरीच्या काळात मी जे काही बनवीन त्यावर कंपनीचा हक्क. मी एक ओळही ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेली नाही, सगळं घरच्या मशीनवर, घरच्या इंटरनेटवर. तरी मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. चांगला माणूस आहे, आणि दुसऱ्या कोणाकडून त्याला कळावं असं मला वाटत नाही.

तर तिसरं क्लिनिक घ्यावं का, कंपनीला आत्ता सांगावं का नंतर, आणि दिवसाच्या सपोर्टचं तुम्ही कोणी काय केलंत? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद:

आधी कंपनीला सांगा, मग तिसरं क्लिनिक. हा क्रम उलटा करू नका. मी कॉन्ट्रॅक्टची कामं करतो म्हणून सांगतो, तुमच्या लेटरमधलं 'नोकरीच्या काळात' हेच शब्द सगळ्यात धोक्याचे आहेत. ऑफिसच्या तासांत बनवलेलं, की नोकरीवर असताना रात्री-सुट्टीत बनवलेलंसुद्धा? दोन्ही अर्थ निघतात. ब्रॅट्झ बाहुल्यांची केस माहीत असेल तर बघा. कार्टर ब्रायंट हा डिझायनर मॅटेलमध्ये (बार्बी बाहुल्या बनवणारी कंपनी) नोकरीला असताना त्याने त्या बाहुल्यांची कल्पना एमजीए या दुसऱ्या कंपनीकडे नेली, आणि मॅटेलने हक्क सांगितला. 2008 मध्ये ज्युरीने मॅटेलच्या बाजूने निकाल दिला, 2010 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि म्हटलं की करारातले शब्द संध्याकाळ आणि वीकेंडला लागू होतात का हेच स्पष्ट नाही, 2011 मध्ये परत खटला चालून एमजीए जिंकली. म्हणजे एका वाक्याच्या अर्थासाठी इतकी वर्षं. तुमच्याकडे ना तेवढा वेळ, ना वकिलांवर घालायला तेवढे पैसे.

कॅलिफोर्नियात निदान कायदाच आहे, लेबर कोडचं कलम 2870, की स्वतःच्या वेळेत, कंपनीचं साहित्य न वापरता, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काही बनवलं तर ते कर्मचाऱ्याचंच, करारात काहीही लिहिलेलं असो. असं संरक्षण सगळीकडे नसतं, म्हणून तुमच्याकडचा नियम स्थानिक वकिलाला दाखवूनच घ्या. पण त्यातले तीन मुद्दे, वेळ, साहित्य आणि धंद्याशी संबंध, हे कुठेही बोलणी करताना उपयोगी पडतात आणि तुमच्या बाजूने तिन्ही आहेत असं दिसतंय. इन्शुरन्स कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर आणि क्लिनिकच्या ड्युट्या यात काही संबंध जोडता येत नाही ना, एवढं मात्र नीट तपासा.

मागायचं काय, तर लेखी पत्र. तोंडी 'हो हो कर' याला अर्थ नाही, मॅनेजर बदलला की संपलं. स्टीव्ह वॉझनिॲक एचपीत नोकरीला असताना त्याने ॲपलचा पहिला कॉम्प्युटर बनवला, तो आधी एचपीलाच दाखवला, त्यांना नको होता, आणि मग त्याने कंपनीकडून तसं सोडपत्र घेतलं, म्हणजे यावर आमचा हक्क नाही असं लेखी. असं लेखी हातात असलं की पुढे बोट दाखवणं अवघड जातं.

---

प्रतिसाद:

ताई, मी हे केलेलं आहे, वेगळ्या धंद्यात, पण त्रास हाच होता. माझं मत विचाराल तर नोकरी करणाऱ्या माणसाने धंदा निवडताना कल्पना किती भारी यापेक्षा तो धंदा आपल्याला कोणत्या वेळी हाक मारणार हे आधी बघायला पाहिजे. तुमचा धंदा सकाळी हाक मारतो. तो चांगला आहे, सोडा असं म्हणत नाही, पण ती हाक कमी करता येते का ते बघा. फोन येतात ते नक्की कशासाठी? सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून, का सिस्टरला बदल करता येत नाही म्हणून?

ईबे कसं सुरू झालं बघा. पिअर ओमिडयारने 1995 मध्ये ती साईट चालू केली तेव्हा तो दुसऱ्या कंपनीत नोकरीला होता. विकणारा आणि घेणारा आपापसात व्यवहार करायचे, तक्रारीसाठी सगळ्यांसमोर अभिप्राय लिहायची सोय त्याने करून दिली, म्हणजे प्रत्येक भांडणात त्याला पडावं लागलं नाही. तो ऑफिसात बसलेला असताना साईट चालत होती. साईटचं उत्पन्न पगाराच्या पुढे गेलं तेव्हा, 1996 मध्ये, त्याने नोकरी सोडली.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. फोनचं विचारलंत म्हणून मेसेज आणि कॉल बसून बघितले. बंद पडलं म्हणून आलेला फोन जवळजवळ नाहीच! बहुतेक सगळे एकाच गोष्टीचे: लागलेली ड्युटी त्याच दिवशी बदलायची असेल तर मी ती लॉक ठेवलीये, कारण मागाहून कोणी हजेरी बदलू नये. ते लॉक इनचार्जला उघडता येत नाही, मलाच उघडावं लागतं. म्हणजे अधिकार इनचार्जला द्यायचा आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद कायम राहील असं करायचं. दोन-तीन रात्रींचं काम आहे. पण तरीही मोठ्या क्लिनिकला माणूस लागेलच, त्यांची अट लेखी आहे.

---

प्रतिसाद:

मग माणूस ठेवा. दिवसा फोन घेणारी व्यक्ती तुम्हीच असली पाहिजे असं कोणी सांगितलं? नाइकी आधी ब्लू रिबन स्पोर्ट्स होती, 1964 ला सुरू झाली, फिल नाइट अकाउंटंटची नोकरी करायचा, नंतर पोर्टलंडला युनिव्हर्सिटीत शिकवायचा, आणि धंद्यात पूर्णवेळ उतरला 1969 मध्ये. पण कंपनीचा पहिला पूर्णवेळ माणूस, जेफ जॉन्सन, 1965 पासून कामाला होता. मालकाच्या आधी नोकर फुल टाइम! तुमची नणंद किंवा तिच्या ओळखीची एखादी रिटायर झालेली सिस्टर सकाळचे तीन तास फोन घेऊ शकेल का? तिला ड्युटीची भाषा येते, ती तुमच्यापेक्षाही चांगलं समजावेल. तिचे पैसे तिसऱ्या क्लिनिकच्या कोटेशनमध्येच धरा. त्यात बसत नसेल तर ते क्लिनिक तुम्हाला परवडतच नाही असं समजून सोडून द्या.

---

प्रतिसाद:

कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, तुमच्या डोक्याचं काय? मीटिंगमध्ये फोन नाही घेतला तरी मन तिकडेच राहत असणार. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये यावर लिहिलंय, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. नंतर 2018 मध्ये त्यांनी थेरेसा ग्लोम्बबरोबर एक साधा उपाय तपासला: काम मध्येच सोडताना कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं हे मिनिटभरात लिहून ठेवायचं, की पुढच्या कामात लक्ष बरं लागतं. मी रात्री लॅपटॉप बंद करताना हे करतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात बराच मोकळा असतो. करून बघा. आणि झोप कापून धंदा करू नका, टेस्टिंगचं काम आहे तुमचं, पेंगत असताना बग दिसत नाहीत.

---

धागाकर्ती:

मंडळी, खूप मदत झाली. रिटायर झालेल्या सिस्टरची कल्पना मला सुचलीच नसती, नणंदेला विचारलं तर तिच्या ओळखीच्या एक मॅडम लगेच तयार झाल्या, उलट त्यांनीच विचारलं की सकाळी सातपासून चालेल का. इनचार्जच्या लॉकचा बदल लिहायला घेतलाय. तिसऱ्या क्लिनिकला कळवलंय की महिनाभर थांबा, कारण कंपनीचं पत्र हातात आल्याशिवाय मी सही करणार नाही, ते हो म्हणाले.

मॅनेजरशी बोलायची वेळ घेतलीये, शुक्रवारी. आता एवढंच अडलंय: त्या पत्रात सॉफ्टवेअरचं वर्णन किती बारकाईने लिहायचं? फार मोघम लिहिलं तर उद्या वाद, फार नेमकं लिहिलं तर पुढे औषधांचा स्टॉक वगैरे काही जोडलं की परत परवानगी. कोणी असं पत्र घेतलं असेल तर त्यातलं ते वाक्य, नावं काढून, इथे टाकाल का? शुक्रवारच्या आधी मिळालं तर फार बरं होईल.