टर्नरच्या लाटांचा फेस इतका पांढरा कसा?

लाटवेडी: दोन महिने इंग्लिश चित्रकार टर्नरचं 'लॉस ऑफ ॲन ईस्ट इंडियामन' (ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज बुडतानाचं वॉटरकलर, साधारण 1818) समोर ठेवून वॉटरकलर करतेय. तिरक्या डेकवर माणसांची नुसती दाटी आणि चहूबाजूंनी पाणी अंगावर येतंय, पोटात गोळा येतो बघताना! माझा समुद्र मात्र डबकं दिसतो. फेसाला पांढरा पोस्टर कलर लावला की चुना फासल्यासारखा वर बसतो, जागा कोरी सोडली तर कातरून चिकटवल्यासारखी दिसते. त्याने काय केलं असेल?

ओलाकागद: फेस लावायचा नाही, खरवडून काढायचा. 1818 मध्ये फार्नली हॉलला, म्हणजे त्याचा आश्रयदाता वॉल्टर फॉक्स याच्या घरी, फॉक्सच्या मुलाने टर्नरला शेजारी बसून युद्धनौकेचं चित्र काढताना पाहिलं होतं, आधी कागद रंगाने चिंब केला, मग घासला, ओरबाडला, अंगठ्याचं नख त्यासाठीच वाढवलेलं, आणि जेवणाच्या आधी चित्र तयार. तेव्हाच्या इंग्लिश कागदांना वरून जिलेटिनचं सायझिंग (रंग शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप) असायचं म्हणून रंग खोल मुरायचा नाही आणि खरवडलं तरी कागद टिकायचा. आपल्या साध्या पॅडची लगेच साल निघते गं, 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद घे आणि पूर्ण वाळल्यावरच ब्लेड लाव.

बंदरकाठ: तुझ्या चित्रातलं जहाज बहुतेक हॅल्सवेल, असं जाणकार मानतात. लंडनहून मद्रासला निघालेलं, 6 जानेवारी 1786 ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटच्या कड्यांवर आदळून फुटलं, 240 च्या वर माणसं होती त्यातली सत्तरेक वाचली. कॅप्टनच्या दोन मुली जहाजावर होत्या, त्यांना सोडून जायचं नाही म्हणून तो थांबला आणि तिघंही गेली. टर्नर तेव्हा 10 वर्षांचा होता. हे कळल्यापासून त्या डेकवरचे इवलेसे ठिपके मला ठिपके वाटतच नाहीत.

ओलाकागद: आणि त्याचं 'डॉन आफ्टर द रेक' नक्की बघ, 1841 च्या आसपासचं. जहाज नाही, फळकूटसुद्धा नाही, ओली वाळू, चंद्राची कोर आणि पाण्याकडे तोंड करून भुंकणारं एक कुत्रं. कलासमीक्षक रस्किनला त्यात बुडालेल्या जहाजावरून एकटंच वाचलेलं कुत्रं दिसलं. मला वादळाच्या चित्रांपेक्षा हेच जास्त लागतं.

लाटवेडी: आत्ताच जुन्या कॉटनच्या तुकड्यावर ब्लेडचं टोक आडवं ओढलं, निळ्याखालून कागदाचा पांढरा खरबरीत वर आला आणि अगदी तुषारांसारखा फुटला!! पोस्टर कलरची बाटली कपाटात टाकली.